गाळलेल्या तीन भिंती

२ जानेवारी, सोमवार

मिळाली! नोकरी मिळाली! मेल आला तेव्हा मी लॅबमध्ये चिखलाची टाकी धूत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले. शेवटी नाकाने – हो, नाकाने! – मोबाइल उघडला आणि वाचला. शहराखालून भुयारी रेल्वे खणणारी कंपनी. इमारत-मोजणी विभागात तज्ज्ञ. गुरुवारी हजर व्हा.

नवऱ्याला सांगितलं. "अरे वा," म्हणाला. मग चहा गाळता गाळता, "म्हणजे सहा वर्षं चिखल कालवला तो ठेकेदाराच्या दारात उभं राहायला!"

ह्याची डॉक्टरेट गेल्या वर्षी झाली, माझ्याच विषयात. तेव्हापासून बत्तीस विद्यापीठांना अर्ज. एकवीस नकार, आणि अकरा ठिकाणांहून तेवढंही नाही – नुसती शांतता. तरी प्राध्यापकीशिवाय दुसरं काही करणं म्हणजे ह्याच्या लेखी धर्म बुडवणं. पण विद्यार्थी-दांपत्यांची ही दोन खोल्यांची जागा जूनमध्ये सोडायचीय. दोघांपैकी एकाला कुठेतरी जायलाच हवं होतं. मी जाते.

माझ्या मार्गदर्शक सरांनी तर मान वर केली नाही. "जा. सगळेच जातात." खरंय. आमच्या लॅबमधला एक विमा कंपनीत आहे, एक शिकवणी घेते, एकाने चक्क बेकरी काढली. सगळ्यात सुखी तोच दिसतो. म्हणतो, माती मळायची सवय होतीच!

प्रबंध नोव्हेंबरातच दिलाय. आता फक्त व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, राहिला. मग नावाआधी 'डॉ.' लागेल. आई त्या एका अक्षरासाठी सहा वर्षं थांबलीय.

५ जानेवारी, गुरुवार

ऑफिस म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, एकीवर एक ठेवलेल्या. समोर खड्डा. खड्डा कसला – सहा मजली इमारत उभी आत मावेल. त्याच्या तळाशी भुयाराचं तोंड, आणि आत कुठेतरी लांब ते मशीन, माती खात पुढे सरकणारं. पायांखाली सतत बारीक थरथर असते. कपातल्या चहावर गोल गोल वर्तुळं उठतात. आठवड्याभरात जाणवेनासं होतं, म्हणे.

साहेब चाळिशीचे, तुळतुळीत दाढी, हसरे. दारातच म्हणाले, "या या! तुमचं चौथं प्रकरण फार गाजतंय आमच्याकडे!"

सगळे फिस्सकन हसले. मी लालेलाल. पण साहेब थट्टा करत नव्हते. माझं चौथं प्रकरण – गेल्या वर्षी सरांच्या आणि माझ्या नावाने मासिकात छापून आलेलं – त्यांच्या टेबलावर होतं. पिवळ्या पेनाने रेघा मारलेलं. कडेला प्रश्न. चांगले प्रश्न!

आजवर ते प्रकरण वाचणारे चार जण. मी, सर, हा, आणि मुद्रितं तपासणाऱ्या बाई. पाचवे साहेब. घरी येताना अक्षरशः तरंगत आले.

९ जानेवारी, सोमवार

चौथं प्रकरण थोडक्यात, म्हणजे मलाच पुन्हा नीट कळावं म्हणून. मऊ चिकणमातीवर विटांची इमारत उभी आहे. खालून भुयार खणलं की ती एका अंगाने खचते. एक टोक दुसऱ्यापेक्षा किती खाली गेलं की काम थांबवायचं? इथे आजवर दहा मिलिमीटर धरत आले. मी टाकीत चिखल भरून त्यावर छोट्या भिंती बांधल्या, खालची माती हळूहळू काढून घेतली, भिंती कधी मोडतात ते पाहिलं. आणि सूत्र काढलं. सूत्राप्रमाणे पंचवीसपर्यंत धोका नाही.

दहा आणि पंचवीस. मधले पंधरा मिलिमीटर म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे. पण साहेब म्हणतात, त्या पंधरा मिलिमीटरांत कंपनीचे सात महिने वाचतात.

माझ्या हाताखाली – हाताखाली म्हणायची लाज वाटते – मोजणीकाका. सगळे त्यांना तेच म्हणतात. साठीला आलेले, एक डोळा दुर्बिणीला लावून लावून कायमचा बारीक झालेला. भुयाराच्या वाटेवरच्या प्रत्येक इमारतीला त्यांनी पितळी खुंट्या ठोकल्यात. सकाळ-संध्याकाळ त्यांची उंची मोजायची. मला 'डॉक्टरबाई' म्हणतात. म्हटलं, काका, अजून झाले नाही हो. "मग आत्तापासून सवय करा," म्हणाले.

१३ जानेवारी, शुक्रवार

चौदा नंबरची इमारत – सहा मिलिमीटर. बाकी सगळ्या दोन-तीन.

२० जानेवारी, शुक्रवार

आज माझी पहिली सही. एका पानाची टीप: नव्या संशोधनाच्या आधारे मार्गावरील सर्व विटांच्या इमारतींसाठी धोक्याची पातळी दहाऐवजी पंचवीस ठेवण्यात यावी. खाली माझं नाव, आणि नावाआधी 'डॉ.' छापलेलं.

"साहेब, अजून व्हायवा..."

"चोवीस फेब्रुवारीला आहे ना? होईलच की! कागद जायला तेवढा वेळ लागतोच."

मी सही केली. माझंच सूत्र, माझंच संशोधन. सही करायला काय हरकत होती? काही नव्हती. तरी पेन उचलताना थांबले होते, ते कशाला, कळलं नाही.

मोजणीकाकांनी कागद वाचला, दुमडून खिशात ठेवला. "पंचवीस," एवढंच म्हणाले. मग दुर्बीण उचलून बाहेर पडले.

२५ जानेवारी, बुधवार

चौदा नंबर – अकरा. मागच्या आठवड्यापर्यंतचा नियम असता तर आज मशीन थांबलं असतं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज पहिल्यांदा चौदा नंबरच्या आत गेले. इतके दिवस मी त्या इमारतीला आकडा म्हणूनच ओळखत होते. तीन मजले, सोळा बिऱ्हाडं. तळमजल्याला एक शिंपीणबाई. तिच्या भिंतीला तडा मोजायची काचपट्टी लावायची होती.

बाई मोठी बोलघेवडी. "या या, तुम्ही भुयारवाल्या का? तुमच्या मशीनमुळे माझी सुई आपोआप चालते हो! पाय मारायला नको!" स्वतःच खळखळून हसली. दाराची खालची कड तिने महिन्यात दोनदा तासून घेतलीय. "दार फुगलं," म्हणाली. दार नव्हतं फुगलं. चौकट तिरकी झालीय. मी बोलले नाही.

मग काकांनी भिंतीत खिळा ठोकला. दोनच हातोड्या. खिळा लोण्यात जावा तसा गेला, आणि भोकातून पांढरा भुगा गळायला लागला. वाळूच्या घड्याळासारखा, थांबेचना. शिंपीणबाई सवयीने केरसुणी घेऊन आली. "ही अशीच आहे हो. कॅलेंडर टांगलं तरी वाटीभर पीठ पडतं."

मी बोटावर घेऊन पाहिला. सिमेंट नाही. जुना चुना. त्यातला जीव केव्हाच गेलेला.

तिथेच लॅबमधल्या माझ्या तीन भिंती आठवल्या.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी ऑफिसला जायच्या आधी लॅबमध्ये गेले. जुन्या वह्यांच्या खोक्यात तिसऱ्या वर्षाची वही सापडली.

मी सत्तावीस भिंती बांधल्या होत्या. प्रकरणात चोवीस आहेत.

वहीत माझ्याच अक्षरात: जु-१, जु-२, जु-३. जु म्हणजे जुन्या. एका पाडलेल्या घराच्या विटा आणून, मुद्दाम कमजोर चुन्यात बांधल्या होत्या – पाहू तरी काय होतं म्हणून. तिन्ही मोडल्या. पंचवीसच्या कितीतरी आधी. खऱ्या इमारतीच्या मापात अठरा, सतरा, एकोणीस. आणि बाकीच्या चोवीस भिंतींना मोडण्याआधी तास-दोन तास तडे जात होते, तसं ह्यांचं नाही. तडा नाही, आवाज नाही. उभ्या होत्या, आणि मग नव्हत्या. वहीत मी लिहिलंय: 'चहा घ्यायला वळले तेवढ्यात.'

सर तेव्हा म्हणाले होते, "मसाला नीट वाळला नसेल. तीन ठिपक्यांसाठी सगळी रेघ वाकडी कशाला? गाळ." आलेख ह्यानेच काढून दिला होता. तीन ठिपके पुसले आणि रेघ कशी सुतासारखी सरळ आली! आम्ही दोघांनी टाळी दिली होती. आमचं लग्न ठरलं त्या महिन्यातली गोष्ट.

४ फेब्रुवारी, शनिवार

ह्याला वही दाखवली. बराच वेळ पानं उलटत बसला. ह्याला कळायला वेळ लागत नाही – आमच्यात हुशार हाच. मला वाटलं, आता म्हणेल, चल, सरांकडे जाऊ.

"व्हायवाला किती दिवस आहेत?"

"वीस."

"मग वीस दिवस काही बोलू नकोस."

"अरे, सोळा बिऱ्हाडं आहेत तिथे."

"आज किती आहे रीडिंग? तेरा? सतरा व्हायला वेळ आहे. डिग्री हातात येऊ दे, मग तुझ्या शब्दाला वजन येईल. आत्ता बोललीस तर ना डिग्री ना नोकरी, आणि ऐकणार कोण? सहा वर्षं घालवून नापास झालेल्या बाईचं?"

त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नाही, हेच भयंकर. मी मान डोलावली. मग आम्ही नेहमीसारखे जेवलो.

७ फेब्रुवारी, मंगळवार

न राहवून सरांना गाठलं. वही पुढे केली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला नाही. इतके थकलेले मी त्यांना पाहिले नव्हते.

"त्या रेघेवर माझे आणखी तीन विद्यार्थी काम करतायत. त्यांनी काय करायचं?"

"सर, पण ती इमारत..."

"तू संशोधक आहेस की इमारतीची रखवालदार?" मग आवाज उतरवून, "हे बघ बाळ. प्रबंध कपाटात राहतात. कपाटात कोणाच्या अंगावर भिंत पडत नाही. तू तो बाहेर घेऊन गेलीस."

म्हणजे चूक माझी! मी नोकरी धरली ही चूक! जिना उतरताना राग राग केला. घरी येईपर्यंत वाटायला लागलं – अर्धं खरं बोलले की काय?

८ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना मेल केला. दोन मिनिटांत फोन. "लेखी नको हो. वर या."

वर गेले. दार लावून घेतलं त्यांनी. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे तुमचंच प्रकरण खोटं, असं तुम्ही म्हणताय?"

"खोटं नाही. नव्या बांधकामाला बरोबर आहे. जुन्या चुन्याच्या..."

"टिपेत तर 'सर्व' इमारती लिहिलंय. सही कोणाची आहे?" हसतच. एक कपाट उघडलं, माझी टीप काढली, माझ्यापुढे ठेवली, पुन्हा आत ठेवली, कुलूप लावलं. "शांतपणे व्हायवा द्या. गोड बातमी सांगा. मग बसू निवांत."

खाली आले तर माझा मेल माझ्याच खात्यातून गायब. पाठवलेल्यांतही नाही!

चौदा नंबर – चौदा. काका म्हणाले, "आज नंबर आणि आकडा जुळले." हसायला आलं नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

आईचा फोन. व्हायवाला येतेय. मावशीलाही आणतेय. "मला काही कळायचं नाही गं, पण तू उभी राहून बोलताना बघायचंय." मी म्हटलं, ये.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

पंधरा.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

पंधरा. काल रात्रभर काही नाही झालं, ह्याचाच आनंद. असा आनंद रोज करते. मग दिवस मोजते – व्हायवाला आठ. स्वतःची किळस येते, पण मोजते.

१८ फेब्रुवारी, शनिवार

काकांनी सुटीच्या दिवशी बोलावून घेतलं. चौदा नंबरच्या समोर पायरीवर बसलो. त्यांनी नकाशा उलगडला. मशीन आत्ता इमारतीच्या बाजूने चाललंय. सोमवार, सत्तावीस तारखेला ते बरोबर तिच्या पोटाखाली येणार.

"बाजूने जाताना पंधरा. खालून जाताना किती होईल, ते तुम्ही सांगा."

मी मनात गणित केलं. एकवीस-बावीस.

काकांनी माझ्या चेहऱ्यावरून वाचलं. "तीस वर्षं मोजतोय, डॉक्टरबाई. दहाच्या पुढे गेलेल्या दोन पाहिल्या. दोन्हींच्या खुंट्या मीच ढिगाऱ्यातून वेचल्या. पण मी शाळाही पुरी केली नाही. मी लिहिलं तर तो कागद. तुम्ही लिहिलं तर तो पुरावा."

शिंपीणबाईने खिडकीतून हात केला. चहा घ्यायला बोलावत होती. मी नको म्हटलं. आत जायचं धाडस झालं नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

हा आज फार चांगला वागला. माझे कपडे इस्त्री केले, स्लाइड तपासल्या, दोन स्पेलिंगच्या चुका काढल्या. आई-मावशी आतल्या खोलीत. जेवल्यावर माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "उद्याचा एक दिवस फक्त. परवापासून तू म्हणशील ते."

परवा शनिवार. मग रविवार. ऑफिसं बंद. सोमवारी मशीन.

चौदा नंबर – सोळा.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत तीन परीक्षक, सर, आणि टोकाला साहेब – हातात फुलांचा गुच्छ! दुसऱ्या रांगेत आई, मावशी, हा. मी पंचेचाळीस मिनिटं बोलले. चौथ्या प्रकरणाचा आलेख पडद्यावर आला. चोवीस ठिपके, एक रेघ. कोणीतरी मागून "वा" म्हणालं.

प्रश्न झाले. सोपेच. एकानेही विचारलं नाही! मी मनोमन धावा करत होते – कोणीतरी विचारा, किती भिंती बांधल्या होत्या, एवढंच विचारा! मुख्य परीक्षक फाइल मिटत म्हणाले, "उत्तम काम. कोणाला आणखी काही?"

फाइलची दोरी गुंडाळतानाचा आवाज.

"मला," मी म्हणाले.

आवाज माझाच होता. मग थांबता येईना. सत्तावीस भिंती. तीन गाळल्या. का गाळल्या. कशाने मोडल्या, कितीला मोडल्या. वही पिशवीत होती – सकाळी का टाकली होती कोणास ठाऊक – ती काढून परीक्षकांपुढे ठेवली. चौदा नंबरच्या इमारतीचा पत्ता सांगितला. आजचं रीडिंग सांगितलं. सोमवारी काय होणार ते सांगितलं. "हे सगळं नोंदवून घ्या," म्हटलं. कारकुनाने सरांकडे पाहिलं. परीक्षक म्हणाले, "पाहता काय? लिहा."

सरांनी डोळे मिटून घेतले होते. साहेब मोबाइलवर बोलत बाहेर गेले, गुच्छ खुर्चीवरच. हा उठला. मला वाटलं, माझ्याकडे येतोय. दाराकडे गेला.

डिग्री नाही. 'प्रबंध मागे घेऊन, सुधारून पुन्हा सादर करावा.' किमान वर्ष.

आई बाहेर भेटली. "पास झालीस ना? सगळे किती गप्प होऊन ऐकत होते!" मावशीने तिचा हात दाबला. मी आईला मिठी मारली.

२६ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज मिळून एकच दिवस.

परीक्षकांच्या सहीची नोंद घेऊन मी आणि काका नगरपालिकेच्या इमारत-अधिकारी बाईंच्या घरी गेलो. दार उघडायलाच तयार नव्हत्या. काकांनी खिडकीतून जुनी मोजणी वही आत सरकवली, सगळ्या तारखांसकट. दहा मिनिटांनी दार उघडलं.

आज सकाळी नोटीस. मशीन बंद. चौदा नंबर दुपारी चारपर्यंत रिकामं. सोळा बिऱ्हाडं शाळेच्या सभागृहात. लोक जिन्यावरून गाद्या फेकत होते. शिंपीणबाईचं मशीन चौघांनी उचललं. तिने मला पाहिलं. हसली नाही. "लग्नसराईची सगळी कामं घेतलीयत मी. कधी परत यायचं?"

"माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही?"

रीडिंग – सतरा. दाराला पालिकेचं सील.

२७ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीचा मेल. दोन ओळी. सेवा संपली. पास गेटवर जमा करा.

चौदा नंबर उभं आहे.

६ मार्च, सोमवार

उभं आहे.

१५ मार्च, बुधवार

उभं आहे. मशीन बंद, त्यामुळे रीडिंग सतरावरच अडलंय. सभागृहात जाऊन आले. चादरींचे पडदे लावून बिऱ्हाडं केलीत. एक म्हातारा माझ्यामागे मागे येत होता. "पडणार होती ना? पडली का? पडली का?" पावलागणिक. शिंपीणबाई म्हणाली, "बाई, तुमच्या तीन ठिपक्यांपायी आम्ही देशोधडीला लागलो." शिवण हातातच होती. मान वर केली नाही.

इमारत पडली तर मी बरोबर. पडावी असं एक क्षण वाटलं. इथे लिहिलंय. खोडत नाही.

२२ मार्च, बुधवार

हा तीन आठवडे अबोल होता. आज स्वतःहून चहा केला. म्हणाला, "चुकलं माझं. मी उठून जायला नको होतं."

खूप रडले. त्याच्या खांद्यावर नाक पुसलं, आणि दोघंही हसलो.

तेहतिसाव्या अर्जाला नकार आलाय. ह्या वेळी त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला, नाटकातल्या राजासारखा. मग म्हणाला, "बस झालं. मीही बाहेर बघतो आता."

३ एप्रिल, सोमवार

ह्याला नोकरी लागली! कुठलीशी सल्लागार संस्था, कामाची जागा बदलती. फार सांगत नाही – लाजतोय, प्राध्यापकी सोडली म्हणून. मी चिडवलं, "ठेकेदाराच्या दारात?" तो हसला, पण उशिरा.

जूनपासून भाड्याने जागा घेता येईल. मी घरी बसून चौथं प्रकरण पुन्हा लिहीन. ह्या वेळी सत्तावीस ठिपके. रेघ वाकडी येईल, येऊ दे.

आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

१२ एप्रिल, बुधवार

सरांची चिठ्ठी. 'नवं प्रकरण पाठव. वाचीन.' चारच शब्द. दोनदा मोजले.

हा रोज सातला निघतो. बूट चिखलाने भरलेले येतात. माझ्या आधी उठून स्वतःच धुतो.

१७ एप्रिल, सोमवार

काकांचा फोन. चौदा नंबरचं सील काढलं. शनिवारी नवा तज्ज्ञ-अहवाल आला, पंचवीसपर्यंत धोका नाही म्हणून. माणसं काल परत राहायला गेली – शिंपीणबाईने दाराला फुलं लावलीयत, म्हणे. मशीन आज सकाळी सुरू झालं. दुपारपर्यंत पोटाखाली पोहोचेल.

"सही कोणाची, काका?"

काकांनी कागद उलगडल्याचा आवाज आला. मग नाव वाचलं. आधी 'डॉ.', मग माझ्या नवऱ्याचं नाव.

त्याला फोन लावला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा बंद.

साडेदहा वाजलेत. मी निघाले, सोळा दारं वाजवायला.